लेसवालीचा हुंदका

लेसवाली माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी समजूत घालायला नको.

धाकटीला गोवर आला तेव्हा ती नुकती शाळेत जायला लागली होती आणि मी जेमतेम तेरा वर्षांची होते. खोलीत अंधार करून तिला निजवलेलं, आणि ती उठून खेळायला पळू नये म्हणून माझी नेमणूक तिच्या उशाशी. घरात वाचायला होती एकच जाडजूड कादंबरी, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, कुणीतरी आपल्या भाषेत आणलेली. तिची मुखपृष्ठाकडची पानं गेली होती, त्यामुळे लिहिणाऱ्याचं नाव आम्हाला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. प्रस्तावना मात्र शाबूत होती. तिच्यात म्हटलं होतं की या कादंबरीची नायिका म्हणजे साक्षात त्यागाची मूर्ती. ते वाक्य मला अजून पाठ आहे.

खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात मी ते पुस्तक धाकटीला वाचून दाखवलं, सगळ्यांचे आवाज काढून. आईबाप गेलेली एक पोर मामाकडे राहते, लेस विणते. मामी उठता लाथ, बसता बुक्की. गिरणीवाल्याच्या मुलाशी पोरीचं जमतं, आणि स्वतःच्या लग्नासाठी ती मेणबत्तीपाशी डोळे फोडून लेसची एक लांब ओढणी विणते. मग मामी डाव टाकते. पोरीबद्दल नाही नाही ते गावात पसरवते, लग्न मोडतं, आणि त्याच मुलाशी मामेबहिणीचं ठरतं. ओढणीही मामेबहिणीलाच जाते. शेवटच्या प्रकरणात लेसवाली चर्चच्या कुंपणाबाहेर बर्फात उभी राहून ती वरात पाहते. भाषण नाही, शाप नाही. एक हुंदका देते, आणि सकाळी लोकांना तिथेच मरून पडलेली सापडते.

तो हुंदका मी दिला. धाकटी इतकी रडली की तिचा ताप चढला. आई धावत आली, मला ओरडा बसला आणि पुस्तक माळ्यावर गेलं. पण आपल्या घशात काहीतरी आहे हे मला त्या दुपारी कळलं.

पुढे त्या घशावरच पोट भरलं. मी डबिंग करते. परदेशी मालिका, सिनेमे, कार्टून यांना आपल्या भाषेत बोलतं करायचं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, अलीकडे अंधाऱ्या खोलीत आपण एकटे, समोर पडदा, कानाला हेडफोन. पडद्यावरच्या बाईचे ओठ मिटले की आपलेही मिटायचे. पोट गुरगुरलं तरी माइक ऐकतो, म्हणून आमच्या पिशव्यांत कायम बिस्किटं असतात. संवाद झाले की शेवटी उसासे, खोकले, किंचाळ्या वेगळ्या घेतात. आमचा रेकॉर्डिस्ट त्यातलं काही टाकून देत नाही. त्याला आम्ही कानसेन म्हणतो. त्याच्या कॉम्प्युटरवर ‘शिल्लक’ नावाचा एक कप्पा आहे, आणि एकदा एका राजाला शिंक कमी पडली तेव्हा त्याने त्यातून केव्हाच देवाघरी गेलेल्या एका नटाची शिंक काढून दिली होती.

धाकटीला या कामात मीच आणलं. एका बाजाराच्या सीनला गर्दीत ओरडायला बायका कमी पडत होत्या, म्हणून तिला म्हटलं, चल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चार वर्षांत ती गर्दीतून निघून मैत्रिणीच्या रोलला आली, मैत्रिणीतून बहिणीच्या, आणि मी मात्र नायिकेवरून तिच्या आईवर सरकत गेले. तेही मी गिळलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग एक दिवस कानसेन म्हणाला, “ताई, तुमची ती लेसवाली येतेय. मालिका झालीय तिची, आपल्याकडे डब करायचीय.”

लग्नानंतर मी सोबत आणलेलं ते पुस्तक माळ्यावरून काढलं. बाथरूममध्ये नळ सोडून हुंदक्याचा सराव सुरू केला. आमचे हे बाहेरून दार वाजवत, “पडलीस का काय?” माझ्या रडण्याला एक खोड आहे. माझं नाक लहानपणापासून एका बाजूने वाकडं, त्यामुळे मनापासून रडले की शेवटी नाकातून बारीक शिटी येते. आई म्हणायची, थोरलीची शिटी झाली, आता गप्प बसेल. बाथरूममध्ये मी त्याग डोळ्यांपुढे आणून रडत होते आणि शिटी काही येत नव्हती. मला वाटलं, बरंच झालं, खोड गेली.

आवाजाची चाचणी झाली. धाकटीनेही दिली, मीच म्हटलं दे. चाचणी देऊन कुणाचं काय बिघडतं?

निकाल आमच्या दिग्दर्शकाने स्टुडिओच्या बोळातच सांगितला. त्यांचं नाव आम्ही वन्समोअर ठेवलंय, कारण देवाने येऊन डायलॉग म्हटला तरी ते ‘वन्समोअर’ म्हणतील. ते म्हणाले, “चॅनेलवाल्यांनी नावं न सांगता आवाज ऐकले. लेसवाली तुमची धाकटी. मामी तुम्ही. मामीच्या आवाजाला वजन लागतं, ताई.”

“वजन आहेच माझं,” मी म्हटलं. ते हसले. मीही हसले.

वशिला नव्हता, ओळख नव्हती, निवड चोख झाली होती. तेच तर जास्त लागलं. कुणाला शिव्या घालाव्यात तर जागाच नाही. तेवढ्यात धाकटी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. “ताई, तुझ्यामुळे गं, सगळं तुझ्यामुळे!” माझे डोळे वाहायला लागले. तिने ते स्वतःच्या रुमालाने पुसले.

“वेडी आहेस का? रडतेस काय?”

“आनंदानं गं,” मी म्हटलं.

तिथून थेट शेजारच्या खोलीत माझं कार्टून होतं. मी हत्तीण होते. हत्तिणीचं पिल्लू जंगलात हरवतं आणि ती सोंड वर करून रडते, एवढंच. हेडफोन चढवले, कानसेनने बोट वर केलं आणि मी सुरू झाले. सुरू झाले ती थांबेचना. पडद्यावर पिल्लू सापडलं, हत्तीण आनंदाने नाचायला लागली, माकडं टाळ्या पिटायला लागली, तरी मी आपली रडतेच आहे. काचेपलीकडे कानसेन हललासुद्धा नाही.

“ताई,” वन्समोअर माइकवरून हळूच म्हणाले, “पिल्लू मिळालं. आणि इतकं नको. पोरं टीव्ही सोडून पळतील.”

मग मी एक छोटंसं, हत्तिणीला शोभेल असं रडले आणि घरी आले.

मामी मात्र मी अशी केली की स्टुडिओत नाव निघालं. आम्ही एकट्याएकट्याने रेकॉर्ड करतो. धाकटीचं आधी व्हायचं, म्हणजे मी उभी राहीन तेव्हा हेडफोनमध्ये तिचा आवाज असायचा, ‘मामी, माझं काय चुकलं?’ आणि मला उत्तर द्यायचं असायचं. “तुझं चुकलं काय? तू या घरात आलीस हेच चुकलं!” पहिल्या झटक्यात ओके. वन्समोअर दोनदा म्हणाले, “काय विखार आहे, ताई! कुठून आणता?” मी म्हटलं, अनुभव. तिचा आवाज कानात शिरायचा तो खरोखरच गोड होता, ताजा, कुठे खरखर नाही. प्रत्येक वाक्याला मी चूक शोधत होते, आणि सापडली नाही की त्या रागात मामी आणखी रंगत होती.

पण एक जागा राहिली होती. कुंपणाबाहेरचा हुंदका. तो शेवटच्या दिवशी घ्यायचा होता, आणि धाकटीला तो जमेना.

हे मला तिनेच येऊन सांगितलं. आई आमच्याकडेच असते, तिला भेटायच्या निमित्ताने धाकटी दुपारची आली. आईजवळ जरा टेकली आणि माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

“ताई, तो हुंदका बसत नाहीये. वन्समोअर म्हणतात, त्याग दिसू दे. मी रडले की म्हणतात, पडसं झाल्यासारखं वाटतं.”

“हं,” मी म्हटलं. मी कणीक मळत होते.

“मला गोवर आला होता तेव्हा तू केला होतास बघ. अजून अंगावर काटा येतो माझ्या. एकदा करून दाखव ना. मी फक्त ऐकते.”

काय मागत होती ती! सगळी लेसवाली घेतली, आता एवढी एक जागा उरली होती, तीही मी ताटात वाढून द्यायची. मी कणकेला असा काही गुद्दा हाणला की परातच सरकली.

“ते असं मागून येत नाही, बाई,” मी म्हटलं. “आतून यावं लागतं. आणि इतक्या वर्षांपूर्वीचं मला कुठलं आठवायला?”

ती बरं म्हणाली आणि गेली. आईने विचारलं, चहा न घेताच का गेली? मी म्हटलं, घाई होती तिला.

मग मी फोनची वाट पाहिली. खोटं कशाला बोलू? मला खात्री होती की वन्समोअर हात टेकणार आणि मला बोलावणार. नाव धाकटीचं राहू दे, मला नाव नको होतं. मला ती जागा हवी होती. संपूर्ण कादंबरीतली तेवढी एक जागा माझ्या घशातून जावी, बाकी सगळं तिला लखलाभ. मी गार पाणी बंद केलं, मीठपाण्याच्या गुळण्या करायला लागले. फोन वाजला की हात पुसत धावायचे. एकदा कुरिअरवाला होता, एकदा चुकीचा नंबर.

आठवड्याने दुसऱ्या कामाला स्टुडिओत गेले तेव्हा कानसेनला सहज विचारल्यासारखं विचारलं.

“लेसवालीचं शेवटचं झालं का?”

“झालं की,” तो हेडफोन पुसत म्हणाला. “फार मस्त झालं.” माझ्याकडे बघेना. मला वाटलं, माझं तोंड बघवत नसेल त्याला.

शेवटचा भाग रविवारी संध्याकाळी होता. आई आमच्याकडे, म्हणून सगळे आमच्याकडे जमले. धाकटी आणि तिचा नवरा, वरच्या मजल्यावरच्या काकू, आमचे हे. मी चहा करत राहिले. दूध उतू जाईल या सबबीवर अर्धा भाग ओट्यापाशी उभ्यानेच ऐकला. पण आईने हाक मारली, “अगं ये, संपेल आता,” आणि मी दारात येऊन टेकले.

पडद्यावर बर्फ पडत होता. कुंपणाच्या सळया, त्यांना धरलेले दोन हात, हातमोजे फाटलेले. आतून घंटा वाजत होत्या. मामेबहीण पायऱ्या उतरली, डोक्यावर ती ओढणी, वाऱ्याने हलणारी. कॅमेरा लेसवालीच्या चेहऱ्यावर आला. मी मनात म्हटलं, आता पडसं होऊ दे. एवढं माझं ऐक देवा, चांगलं सणसणीत पडसं होऊ दे.

आणि हुंदका आला.

आधी काहीच नाही, मग खोलवरून ओढलेला श्वास, तो मध्येच तुटला, परत ओढला, आणि मग असं काही बाहेर पडलं की काकूंच्या हातातला कप बशीवर खडखडला. ते रडणं सुंदर नव्हतं. गोड नव्हतं. पोटातून वर येणारं, लाज सोडलेलं रडणं होतं. आमचे हे चष्मा काढून पुसायला लागले. आईने पदर डोळ्यांना लावला. हुंदका ओसरत गेला, आणि अगदी शेवटी, घंटांच्या मागून, एक बारीक शिटी ऐकू आली.

मी चौकट धरली. माझं नाक मी ओळखणार नाही? हत्तीण होती ती. सगळ्या बैठकीला रडवत होती ती माझी हत्तीण.

“धाकटे,” आई नाक ओढत म्हणाली, “काय रडलीस गं! थोरलीला नाही हो जमायचं असं. तिला शिव्या द्यायला सांगा.”

काकू म्हणाल्या, “मामीचा तर असा राग आला मला, टीव्ही फोडावासा वाटला.” आणि लगेच माझ्याकडे बघून, “म्हणजे तुमचं कामच तसं झालंय हो.”

मी काही बोलणार होते. काय बोलणार होते, आता सांगता येणार नाही, पण चांगलं नक्कीच नव्हतं. माझ्याआधी धाकटी बोलली. टीव्हीकडे बघतच बोलली.

“ते रडणं माझं नाहीये. ताईचं आहे.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. “मला नाही जमलं. कानसेनकडे ताईचं एक शिल्लक पडलेलं होतं. मी ते लावायला सांगितलं.”

आईने पदर खाली घेतला. “तरीच!” ती म्हणाली. “शेवटी शिटी झाल्यासारखं वाटलं मला, पण म्हटलं, चर्चमध्ये वाजवत असतील काहीतरी!” हास्याचा एकच स्फोट झाला. मग ती माझ्याकडे वळली. “पण थोरले, एवढी रडलीस कधी तू? आणि कशापायी?”

सगळे माझ्याकडे बघत होते. जे मला हवं होतं ते समोर आलं होतं, सगळ्यांदेखत, माझ्या नावानिशी. फक्त ते उचलायचं तर कशापायी हेही सांगावं लागणार होतं.

“हत्तिणीसाठी,” मी म्हटलं. “कार्टून होतं. तिचं पिल्लू हरवतं.”

मग काय विचारता! काकूंना ठसका लागला. आमचे हे म्हणाले, “लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी कधी टिपूस काढलं नाही, आणि हत्तिणीसाठी बघा!” आई डोळे पुसत पुन्हा पुन्हा ‘हत्तीण, हत्तीण’ म्हणत राहिली. एकटी धाकटी हसली नाही.

मी कप गोळा करून आत आले. ती मागोमाग आली, बाही वर सारून कप धुवायला लागली. मी पुसायला फडकं घेतलं.

“ताई, हत्तिणीचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी होतं ना?”

“कुठल्या?” चोराच्या मनात चांदणं.

“मी रुमालाने तुझे डोळे पुसले होते.”

बाहेर कुणीतरी हत्तीसारखा आवाज काढला आणि पुन्हा हशा झाला. मी फडकं ओट्यावर टाकलं.

“जळत होते मी,” मी म्हटलं. “ऐकायचं होतं ना? झालं समाधान? तुझ्यावर जळत होते. अजूनही जळते. आनंद बिनंद काही नव्हता.”

मला वाटलं, कप आपटेल, निदान रडेल तरी. तिने कप पालथा ठेवला आणि दुसरा घेतला.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तुझी मामी ऐकलीय ना मी.”

“मग सगळ्यांना सांगितलंस कशाला?”

“तुझं होतं म्हणून.” ती कप विसळत म्हणाली, “कानसेनने पाच-सहा हुंदके ऐकवले. सगळे चांगले होते. मग तुझा लावला आणि मला हेडफोन काढून टाकावे लागले. वन्समोअर आपले त्याग त्याग करत बसलेले. ताई, तिथे त्याग नाहीच आहे. ती थंडीत बाहेर उभी आहे आणि आपल्या हातची ओढणी दुसरीच्या डोक्यावर बघतेय. जळतेय ती. एवढंच आहे. मला कुठून जमणार ते? मी तर लहानपणापासून तुझी ओढणी डोक्यावर घेऊन फिरतेय.”

खरं तर मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. तिला तेच हवं होतं, मान खाली घालून एकच कप किती वेळ धूत होती. पण माझ्या मनात भलतंच चाललं होतं. पुस्तक जन्मभर माझ्या घरात. प्रस्तावना मला पाठ. बाथरूममध्ये नळ सोडून मी महिनाभर त्याग रडत होते, आणि लेसवाली का रडली हे मला कधी कळलंच नाही. कळलं ते हिला. एका चाचणीत लेसवालीचा आवाज घेऊन गेली होती, आता लेसवालीही घेतली. हुंदका तेवढा माझ्याकडे राहिला, आणि तोही हिच्यावर जळूनच आलेला.

“कप नीट धू,” मी म्हटलं. “कडेला चहा राहिलाय.”

ती बरं म्हणाली. मी तिच्याकडे पाठ केली, आणि नाकातून शिटी यायच्या आत हात लांब करून नळ पूर्ण सोडला.